अद्भुताचा शोध आणि प्रजेचे द्रव्य

विश्वस्ताचा धर्म मालकाच्या धर्माहून कठीण आहे. मालकाने आपले द्रव्य उधळले तर आपण त्यास फार तर उधळ्या म्हणतो. विश्वस्ताने दुसऱ्याचे द्रव्य मूठभर जरी अस्थानी खर्च केले तरी तो दोषी ठरतो. देवस्थानाच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे अशा आमच्या वाचकांस हा भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. देवापुढे नारळ कोणी का ठेवला हे विचारण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु फंडपेटीतील पैशाचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार सर्व महाजनांस आहे. हाच न्याय राज्याच्या तिजोरीस लावला असता एक प्रश्न उभा राहतो, आणि तो गेली काही वर्षे अमेरिकेत विशेष गाजत आहे. आकाशातील अज्ञात तबकड्या, मनाच्या बळावर दूरचे पाहणे, भुताटकी, परग्रहांवरून आलेली याने, असल्या अद्भुत गोष्टींच्या संशोधनावर सरकारने प्रजेचे द्रव्य खर्चावे काय?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे सारे थोतांड आहे, त्यावर कवडीही खर्चू नये. दुसरा म्हणतो, आज ज्यास थोतांड म्हणता तेच उद्याचे शास्त्र ठरेल, म्हणून हात आखडता घेऊ नये. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण दोन्ही पक्ष शोधाच्या विषयाकडे पाहतात, शोधाच्या रीतीकडे पाहत नाहीत. अमेरिकेतील गेल्या पाऊणशे वर्षांचा वृत्तांत नीट तपासला म्हणजे दोष विषयात किती आणि रीतीत किती हे ध्यानात येऊ लागते.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू अतिवेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले. वर्तमानपत्रांनी त्यांस 'उडत्या तबकड्या' असे नाव दिले आणि पाहता पाहता तशा बातम्यांचा पूर आला. अमेरिकन हवाई दलाने चौकशीचे काम हाती घेतले. ते अनेक नावांनी चालले, आणि १९५२ पासून १९६९ पर्यंत 'प्रोजेक्ट ब्ल्यू बुक' या नावाने सुरू राहिले. १९४७ पासूनच्या एकंदर १२,६१८ वार्ता या दप्तरात नोंदल्या गेल्या. शुक्रासारखे तेजस्वी ग्रह, उल्का, हवामान पाहण्याचे फुगे, विमाने, ढगांवरील प्रकाश अशी बहुतेकांची उकल झाली. ७०१ वार्तांची उकल झाली नाही.

या ७०१ वार्तांवर अद्भुतवाद्यांची सारी इमारत उभी आहे. परंतु 'उकलले नाही' या शब्दांचा अर्थ इतकाच की, पाहणाऱ्याने जे सांगितले तेवढ्यावरून ते काय असावे हे ठरविता येत नाही. एखाद्या परगण्यात शंभर चोऱ्या झाल्या आणि चौऱ्याण्णव चोर सापडले, तर उरलेल्या सहा चोऱ्या पिशाचांनी केल्या असे कोणी शहाणा म्हणत नाही. अज्ञान हा कोणत्याही गोष्टीचा पुरावा होऊ शकत नाही, मग ती गोष्ट कितीही रम्य असो.

संशयवाद्यांचेही वर्तन या प्रकरणी निर्दोष होते असे नाही. १९६६ साली हवाई दलाने हे प्रकरण कोलोरॅडो विद्यापीठाकडे सोपविले. एडवर्ड काँडन या नामांकित पदार्थविज्ञानवेत्त्याच्या नेतृत्वाखाली समिती बसली, पाच लाख डॉलरांहून काहीसा अधिक खर्च झाला आणि १९६९ च्या आरंभी अहवाल प्रसिद्ध झाला. या विषयाच्या अभ्यासातून विज्ञानात काही भर पडलेली नाही आणि पुढे त्यावर विस्तृत संशोधन करण्यास आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्ल्यू बुकचे दप्तर बंद झाले. निष्कर्ष आमच्या मते योग्यच होता. परंतु काम हाती घेण्यापूर्वी विद्यापीठातील एका अधिकाऱ्याने लिहिलेले एक टिपण मध्यंतरी उजेडात आले होते. लोकांस हा अभ्यास संपूर्ण निःपक्षपाती दिसावा, शास्त्रज्ञांस मात्र आम्हांला काही सापडण्याची आशा नाही हे समजावे, अशी काही युक्ती योजावी असा त्याचा आशय होता. निकाल बरोबर लागला, पण न्यायाधीशाने तो आधीच खिशात ठेवला होता असा ग्रह झाला, आणि त्या निकालाचे वजन कायमचे कमी झाले.

दुसरे प्रकरण मनःशक्तीचे. १९७२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुटहॉफ हे दोन पदार्थविज्ञानवेत्ते एका जागी बसून दूरचे स्थळ मनाने पाहता येते काय, याचे प्रयोग करू लागले. त्यांस अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने पैसा पुरविला. पुढे हे काम लष्करी हेरखात्याकडे गेले, त्याची नावे पालटत गेली आणि अखेरीस ते 'स्टारगेट' या नावाने ओळखले जाऊ लागले. रशियन लोक असले प्रयोग करीत आहेत, मग आपण मागे का राहावे, ही त्यामागची भीती होती. वीसाहून अधिक वर्षांत सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले.

१९९५ साली या साऱ्या कामाची तपासणी एका बाहेरच्या संस्थेकडून करविण्यात आली, आणि दोघा तज्ज्ञांस मत विचारण्यात आले. त्यांपैकी संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स यांनी आकडेवारीने ही शक्ती सिद्ध झाली आहे असे म्हटले. मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांनी त्याच आकडेवारीवरून तसे काही सिद्ध होत नाही असे म्हटले, आणि वर्णन लक्ष्याशी किती जुळते हे ठरविणारा परीक्षक हा प्रयोगांचा मुख्य संचालकच होता, या उणिवेवर बोट ठेवले. परंतु ज्या हेतूने पैसा दिला गेला त्या हेतूविषयी तपासणीचा निर्णय स्पष्ट होता: या मार्गाने मिळालेल्या माहितीच्या आधारे हेरखात्यास एकदाही कृती करता आली नाही. माहिती नेहमीच धूसर असे. पाणी आहे, उंच काहीतरी आहे, माणसे ये-जा करीत आहेत, अशा वर्णनात कोणतेही बंदर बसते आणि कोणताही कारखानाही बसतो. हे पाचव्या वर्षी कळले असते तर खेद वाटला नसता. ते तेविसाव्या वर्षी कळले, याचे कारण असे की, कोणत्या फलानंतर हे काम थांबवावे हे आरंभी कोणीच ठरविले नव्हते.

तिसरे प्रकरण अलीकडचे, आणि आमच्या मते सर्वांत बोधप्रद. नेवाडा राज्याचे सिनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकाराने २००८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हेरसंस्थेने एक गुप्त काम सुरू केले. त्यासाठी दोन कोटी वीस लाख डॉलर देण्यात आले. बाहेरच्या जगास या कामाची वार्ता २०१७ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रांतून लागली. कंत्राट मिळाले ते रॉबर्ट बिगेलो यांच्या कंपनीस. हे गृहस्थ लास व्हेगासचे धनिक, रीड यांचे स्नेही व त्यांच्या निवडणूक निधीस देणगी देणारे, आणि परलोक व परग्रह या दोन्ही विषयांत निस्सीम श्रद्धा बाळगणारे. यूटा राज्यात त्यांच्या मालकीचे एक कुरण होते. तेथे विचित्र प्राणी व सावल्या दिसतात अशी ख्याती होती, आणि सरकारी कामाच्या निमित्ताने त्या कुरणातील भुताटकीचाही शोध घेतला गेला. कामाच्या नावाखाली अडतीस निबंध लिहविण्यात आले. त्यांत अवकाशातील चोरवाटा, अदृश्य होण्याच्या युक्त्या असे विषय होते.

बिगेलो यांनी हे सारे आपल्या द्रव्याने केले असते तर आम्हांस बोलण्याचे कारण नव्हते. किंबहुना आपल्या कुतूहलासाठी आपला पैसा वेचणारा धनिक हा निव्वळ ऐषआरामात तो घालविणाऱ्यापेक्षा आम्हांस अधिक आदरणीय वाटतो. परंतु येथे श्रद्धाळूची श्रद्धा, मित्राची मैत्री आणि प्रजेची तिजोरी ही तिन्ही एकाच खोलीत दार लावून बसली. देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम विश्वस्ताच्या स्नेह्यास दिले आणि हिशेब कोणास दाखविला नाही, तर काम कितीही पवित्र असले तरी आपण त्यास काय म्हणू?

याच नेवाडा राज्याची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नासा या अमेरिकन अवकाशसंस्थेने ऑक्टोबर १९९२ मध्ये दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकण्याचे काम आरंभिले होते. कोठे बुद्धिमान जीव असतील तर त्यांचा संदेश ऐकू येईल ही त्यामागील कल्पना. काम उघड होते, पद्धत ठरलेली होती, कोणत्या तारकांकडे कोणत्या लहरींवर कान लावावयाचा हे कागदावर मांडलेले होते. १९९३ साली नेवाडाचेच दुसरे सिनेटर रिचर्ड ब्रायन यांनी त्याची थट्टा करून त्याचा पैसा तोडविला. उघड व नियमबद्ध शोध थट्टेने बंद पडावा आणि पंधरा वर्षांनी गुप्त व नियमशून्य शोध ओळखीने सुरू व्हावा, यात राज्यकर्त्यांच्या विवेकाची सारी उणीव दिसते. विषय दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकच होता.

असे का होते? राज्यकर्ते मूर्ख असतात म्हणून, असे म्हणणे सोपे पण खोटे आहे. खरे कारण भय आणि गुप्तता यांच्या संयोगात आहे. शत्रूजवळ काही विलक्षण साधन असेल ही शंका सेनापतीस स्वस्थ बसू देत नाही, आणि एकदा गुप्ततेचा पडदा पडला की तपासणारा बाहेरचा माणूस उरत नाही. शिवाय गुप्तता स्वतःच अद्भुताला जन्म देते. १९४७ साली न्यू मेक्सिको राज्यात रॉझवेलजवळ जे अवशेष सापडले त्यांभोवती परग्रहावरील यानाची कथा रचली गेली. ते रशियाच्या अणुस्फोटांची चाहूल घेण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांचे अवशेष होते, असे हवाई दलाने १९९४ साली सांगितले. सत्य सत्तेचाळीस वर्षे कुलपात राहिले, आणि तोवर कथा इतकी थोर झाली होती की सत्यावर विश्वास ठेवणारे थोडेच उरले.

जुलै २०२३ मध्ये डेव्हिड ग्रश या माजी हेर अधिकाऱ्याने अमेरिकन लोकप्रतिनिधींपुढे शपथेवर सांगितले की, सरकारजवळ परकीय यानांचे अवशेष आहेत. मात्र ते त्याने स्वतः पाहिले नव्हते. इतरांकडून ऐकले होते. आपल्या न्यायशास्त्राने शब्द हे प्रमाण मानले आहे, पण ते आप्ताचे, म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच जो सांगतो त्याचे. 'ज्यांनी पाहिले त्यांनी मला सांगितले' हे आप्तवाक्य होत नाही. २०२२ साली संरक्षण खात्यात स्थापन झालेल्या चौकशी कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये १९४५ पासूनच्या साऱ्या सरकारी चौकश्यांचा आढावा प्रसिद्ध केला. परग्रहावरील यंत्राचा कोणताही पुरावा नाही, आणि दडविलेल्या यानांची वार्ता ही मुख्यतः एका लहानशा श्रद्धाळू मंडळाने एकमेकांकडून ऐकून फिरविलेली आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे.

येथे कोणी म्हणेल, अमेरिकेच्या अफाट संरक्षणखर्चात दोन कोटी डॉलर म्हणजे समुद्रातला थेंब. त्यासाठी इतका ऊहापोह कशाला? आमचे उत्तर असे की, विश्वस्ताचा दोष रकमेने मोजला जात नाही. आणि दुसरे असे की, सरकारी पैशाबरोबर सरकारी शिक्काही जातो. ज्या गोष्टीवर राज्य खर्च करते ती खरी असलीच पाहिजे असे सामान्य माणूस समजतो. त्या भोळ्या समजुतीचे मोल कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

याउलट, विषय विलक्षण आहे एवढ्यावरून तो त्याज्य ठरवावा, हेही आम्हांस मान्य नाही. आकाशातून दगड पडतात ही गोष्ट अठराव्या शतकातील कित्येक विद्वान अडाण्यांची भ्रांती समजत असत. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेगल गावी दगडांचा वर्षाव झाल्याची वार्ता आली, तेव्हा तेथील गृहमंत्र्यांनी बियो नावाच्या तरुण शास्त्रज्ञास सरकारी खर्चाने पाठविले. त्याने गावोगाव फिरून साक्षी घेतल्या, कोणता दगड कोठे पडला याचा नकाशा काढला, त्या भागात तशा जातीचा दगड पूर्वी नव्हता हे दाखविले, आणि त्याच उन्हाळ्यात अहवाल सादर केला. तेव्हापासून उल्कापात हे शास्त्रमान्य सत्य झाले. सरकारी पैसा अद्भुतावर खर्च झाला आणि सार्थकी लागला, कारण दगड हाती घेऊन पाहता येत होते आणि अहवाल सर्वांपुढे ठेवला गेला.

आपल्या देशातील उदाहरण याहून जवळचे आहे. पृथ्वीवरील जीवसृष्टीचे बीज अंतराळातून आले असेल, ही कल्पना कोणास तबकड्यांइतकीच चमत्कारिक वाटेल. कोल्हापूरचे सुपुत्र, २०२५ साली दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ती पडताळून पाहण्याचे ठरविले. २००१ साली आणि पुन्हा २००५ साली हैदराबादेहून प्रचंड फुगे आकाशात सोडून वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवा बंद कुप्यांत भरून आणली गेली. २००५ च्या खेपेचे नमुने हैदराबाद व पुणे येथील दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तपासले गेले, म्हणजे एकीची चूक दुसरीस धरता यावी. जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्या अंतराळातूनच आल्या असे म्हणण्याचा मोह किती झाला असेल! पण २००९ साली निष्कर्ष जाहीर करताना, हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे निश्चित सिद्ध होत नाही, असे संस्थेने स्वच्छ सांगितले. नारळीकरांची स्वतःची ओढ त्या कल्पनेकडे होती हे सर्वांस ठाऊक होते. ओढ असूनही पुराव्यापलीकडे एक पाऊल न टाकणे यास आम्ही बुद्धीचे ब्रह्मचर्य म्हणतो.

या साऱ्या उदाहरणांतून जो विवेक निघतो तो आपल्याकडे नवा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांत संशय हा तिसरा आहे. संशय हे पाप नव्हे. संशय नसेल तेथे विचारास आरंभच होत नाही. त्याच्या पाठोपाठ प्रयोजन येते. हे जाणून काय साधावयाचे ते आधी सांगितले पाहिजे. पुढे नववा पदार्थ निर्णय. आणि अगदी शेवटचा, सोळावा, निग्रहस्थान. म्हणजे ज्या ठिकाणी वादी सापडला असता त्याने हार मानलीच पाहिजे ते स्थान. त्याचे बावीस प्रकार ग्रंथकाराने सांगितले आहेत. ज्या वादात निग्रहस्थान नाही तो वाद संपत नाही, आणि ज्या संशोधनास निग्रहस्थान नाही ते तिजोरी रिकामी होईपर्यंत संपत नाही. स्टारगेटचे प्रयोजन होते, निग्रहस्थान नव्हते. काँडन समितीपाशी निर्णय होता, पण संशयाआधीच. नेवाडाच्या कामात या चारांपैकी एकही धडपणे नव्हता.

श्रद्धाळू वाचकास कदाचित वाटेल की, हा सारा युक्तिवाद योगसामर्थ्यावर व देवाच्या लीलेवर रोखलेला आहे. तसे नाही. पतंजलींनी विभूतिपादात नाना सिद्धींचे वर्णन केले आहे, आणि त्याच पादात त्या समाधीच्या आड येणाऱ्या आहेत असेही बजावले आहे. साधकाने ज्यांकडे पाठ फिरवावी असे शास्त्र सांगते, त्या शक्ती हेरगिरीसाठी सरकारी पगारावर कमवाव्यात, यात श्रद्धेचा गौरव कोठे आहे? गोमंतकात देवास कौल लावण्याची रीत आहे. भक्त आपल्या चिंतेचे उत्तर देवाकडे मागतो. ते त्याचे व देवाचे गुज आहे. परंतु देवस्थानची जमीन कोणास खंडाने द्यावी याचा हिशेब कौलावर सोडला जात नाही. तो महाजनांच्या सभेत वाचला जातो. दोन्ही गोष्टी एकाच मंडपात नांदतात, कारण त्यांची क्षेत्रे वेगळी ठेवली आहेत.

ती एक केली म्हणजे काय होते हे आपणही पाहिले आहे. २०१३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात दौंडिया खेडा येथे, एका साधूस स्वप्न पडले की पडक्या किल्ल्याखाली हजार टन सोने आहे. त्या स्वप्नाचा गाजावाजा झाल्यावर सरकारी पुरातत्त्व खात्याने तेथे खणावयास आरंभ केला. भूगर्भ खात्याच्या पाहणीचा आधार पुढे करण्यात आला, पण देशभरचे लोक जमले ते स्वप्नासाठी. महिनाभर खणून सोने मिळाले नाही. साधूस आम्ही दोष देत नाही. स्वप्नावर कोणाची सत्ता चालत नाही. दोष त्या व्यवस्थेचा, जिने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी दिलेली फावडी त्या स्वप्नामागे धाडली. पडझडीस आलेली किती देवालये त्या खात्याच्या वाटेकडे डोळे लावून उभी आहेत हे आमचे वाचक जाणतात.

म्हणून सरकारने अद्भुताचा शोध घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. घ्यावा, पण काय आढळले म्हणजे 'होय' आणि काय न आढळले म्हणजे 'नाही' हे आधी लिहून ठेवावे. ज्यास उत्तर आधीच प्रिय आहे त्याच्या हाती तराजू देऊ नये, मग तो श्रद्धाळू असो वा नास्तिक. शोध उजेडात चालवावा आणि फल, विशेषतः निष्फळता, सर्वांपुढे मांडावी. २०२३ साली नासाने या अज्ञात वस्तूंविषयी नेमलेल्या सोळा जणांच्या मंडळाने लाखभर डॉलरांच्या मर्यादेत, उघड सभा घेऊन, काही महिन्यांत आपले मत दिले: परग्रहाचा पुरावा नाही, आणि असलेली माहिती इतकी अपुरी आहे की आधी मोजमापे सुधारावीत. विवेकास फार द्रव्य लागत नाही.

आकाशाकडे पाहून विस्मित होणे हा मनुष्याचा धर्म आहे. तो ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी देऊळही ओस पडेल आणि वेधशाळाही. परंतु त्या विस्मयाचा खर्च ज्या शेतकऱ्याच्या व मजुराच्या कराच्या पैशातून चालतो, त्याने हिशेब मागितला असता विश्वस्ताने आकाशाकडे बोट दाखवू नये, वही उघडावी.